थायलंडमधला लोई प्रांत : बीच नको, डोंगर हवेत अशांसाठी

खडकवाट

थायलंड म्हटलं की आपल्याकडे पट्टाया, फुकेत, क्राबी, फार तर चियांग माई. कुणालाही विचारा, तेच पॅकेज. आम्ही दोघं गेल्या डिसेंबरात मुद्दाम ते सगळं सोडून ईशान्येला गेलो, लोई प्रांतात. हा भाग इसानमध्ये (थायलंडचा ईशान्य भाग) येतो, वरच्या अंगाला मेकाँग नदी आणि नदीपलीकडे लाओस. बँकॉकपासून सव्वापाचशे-साडेपाचशे किमी. डॉन मुआंग एअरपोर्टवरून छोटं विमान जातं तासाभरात, नाहीतर मो चित स्टँडवरून रात्रीची बस पकडायची, सकाळी पोचते. ट्रेन लोईला जात नाही, उदोन थानी किंवा खोन केनला उतरून पुढे बस.

मुख्य आकर्षण म्हणजे फू क्रादुंग. हा एक सपाट माथ्याचा वालुकाश्माचा डोंगर आहे, वरचं पठारच साधारण ६० चौ. किमी आणि सगळ्यात उंच जागा १३१६ मीटर. १९६२ साली नॅशनल पार्क झालं, खाओ याईच्या पाठोपाठ थायलंडमधलं दुसरं. गाडी वर जात नाही. रोपवे नाही. पायथ्यापासून साडेपाच किमी चढ, मग कड्यावर आलात की हुश्श करायचं आणि पुढे अजून साडेतीन किमी सपाटीवर चालायचं तेव्हा कुठे कॅम्पसाइट येते. दुपारी दोननंतर चढायला सोडत नाहीत, त्यामुळे सकाळी लवकर निघा.

चढ सलग नाही, टप्प्याटप्प्यात आहे, आणि पहिला टप्पा (साम हॅक) आणि शेवटचा, असे दोनच खरे दम काढणारे आहेत. मधल्या बहुतेक टप्प्यांवर टपऱ्या आहेत, नूडल्स, भाजलेली अंडी, कलिंगड, कोल्ड्रिंक सगळं मिळतं, अर्थात जसजसं वर जाल तसतसा भाव पण चढतो आणि ते बरोबरच आहे कारण तो बर्फाचा डबा कुणीतरी खांद्यावर वर आणलेला असतो. सॅक द्यायची असेल तर हमाल आहेत, त्यांना लूक हाप म्हणतात, बांबूच्या दोन्ही टोकांना सामान लटकवून घेऊन जातात, किलोमागे ३० बाटच्या आसपास. पन्नास-साठ किलो घेऊन आपल्या पुढे निघून गेलेले बघितले की आपण आपल्या जिमबद्दल कुणाशी बोलत नाही.

वर गेल्यावर मात्र डोळे फाटतात. पाइनची उघडी वनं, मध्ये गवताळ माळ, मध्येच ओढा आणि धबधबा, आणि कडेला सरळ तुटलेले कडे. सूर्योदयाला फा नोक ऍन, तो कॅम्पपासून दोनेक किमी. सूर्यास्ताला फा लोम साक, जिथे एक पाइनचं झाड कड्यावर झुकलंय आणि खाली एक खडक बाहेर आलाय, थायलंडमधल्या अर्ध्या कॅलेंडरांवर तोच फोटो असेल. तो मात्र कॅम्पपासून ९ किमी आहे. म्हणजे सूर्यास्त बघून परत ९ किमी अंधारात. वर सायकली भाड्याने मिळतात, वाळूत चाक रुततं पण तरी घ्याच. हेडलॅम्प कंपल्सरी समजा.

एका रात्रीसाठी जाऊ नका, दोन रात्री काढा. चढून, फोटो काढून दुसऱ्या दिवशी उतरणारे खूप दिसले आणि त्यांनी फक्त गुडघे दुखवून घेतले असं माझं मत.

बाकी चियांग खान, फू रुआ वगैरे पण केलं, कुणाला इंटरेस्ट असेल तर प्रतिसादात लिहितो.

जुना मेंबर

लेख चांगला आहे पण एक प्रामाणिक प्रश्न. व्हिसा, विमान, बस, मग परत नऊ किमी चढ, आणि बघायचं काय तर पठार आणि कडा? मग आपला सह्याद्री काय वाईट आहे? हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा बघा की. फुकट आहे.

खडकवाट

काका कोकणकड्याशी तुलना नकोच, तो तोच आहे. पण हे वेगळं आहे हो. आपला बेसॉल्ट, काळा, पायऱ्यापायऱ्यांचा. इथे वालुकाश्म, खोराट पठाराच्या कडेचा, त्यामुळे ओढ्यांच्या तळाला लांबच लांब सपाट फरश्या, पाणी पातळ पसरून वाहतं आणि मग एकदम कड्यावरून पडतं. आणि पाइनचं जंगल आपल्याकडे सह्याद्रीत कुठंय? १३०० मीटरवर डिसेंबरात रात्री एक आकडी तापमान, टेंटवर सकाळी दव इतकं की वाटावं पाऊस पडून गेला. फुकट नाही हे मान्य, परदेशी माणसाला एंट्री ४०० बाट आणि थाई माणसाला ४०. त्याबद्दल रडणारे आपले लोक ताजमहालच्या तिकिटखिडकीवरचा बोर्ड विसरतात.

रानवारा

वा, या डोंगराबद्दल मराठीत लिहिलेलं पहिल्यांदाच वाचतोय. मी झाडाझुडपांसाठी गेलो होतो, त्यामुळे माझा सीझन वेगळा. पार्क १ जून ते ३० सप्टेंबर बंद असतं, दरवर्षी, जंगलाला विश्रांती आणि वाटा निसरड्या म्हणून. १ ऑक्टोबरला उघडतं. ऑक्टोबरमध्ये धबधबे फुल आणि जळवा पण फुल, मोजे पँटच्या वर ओढा. कासला येणारे दवबिंदू (ड्रॉसेरा) ज्यांनी गुडघे टेकून बघितलेत त्यांना इथे ओल्या खडकाच्या कडेला त्याच कुळातले भाऊबंद भेटतील. खडक पातळ मातीचा, नायट्रोजन नाही, म्हणून किडे खाऊन जगायचं, दोन्हीकडे कारण एकच. दगड मात्र वेगळे, आपला जांभा आणि त्यांचा वालुकाश्म.

लाल पानं बघायची असतील तर डिसेंबर शेवट ते जानेवारी. हा खराखुरा मेपल आहे, एसर कॅल्कॅरेटम, ओढ्याकाठी वाढतो आणि पानं पाण्यात पडून दगडांवर चिकटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोडोडेंड्रॉन, आधी लाल मग पांढरा वगैरे, वर्षागणिक पुढेमागे होतं. पाइन दोन जातींचे आहेत, दोन सुयांचा आणि तीन सुयांचा, खाली पडलेला झुबका उचलून मोजा, मजा येते.

फेब्रुवारी शेवटापासून एप्रिलपर्यंत मात्र धूर. ऊस आणि शेतातलं पाचट जाळतात, लाओसकडून पण येतो, कड्यावरून समोर काहीच दिसत नाही. त्या वेळी फुलं बघायला जाणार असाल तरच जा, व्ह्यूच्या आशेने नको.

कडेकपारी

हत्तींचं काय? मी ऐकलं की तिथे एक अपघात झाला होता.

रानवारा

हो, खरं आहे. २०२४ च्या डिसेंबरात एका थाई पर्यटक बाईंचा वाटेवर हत्तीच्या हल्ल्यात जीव गेला, त्यानंतर काही वाटा बंद केल्या होत्या. पठारावर जंगली हत्ती आहेतच आणि धबधब्यांच्या वाटा दाट झाडीतून जातात. गेटवर आणि कॅम्प ऑफिसच्या बोर्डावर रोज लिहितात कुठली वाट उघडी कुठली बंद. बंद असेल तर बंद. रेंजर मागे फिरा म्हणाला तर हुज्जत घालू नका, आपल्या लोकांना जरा सवय आहे म्हणून सांगतोय.

कॅम्पवर सांबर फिरतात, अगदी टेंटजवळ येतात. खायला घालू नका, टेंटमध्ये खाणं ठेवू नका, चेन उघडतात ती.

ठाण्याचा मी

मस्त धागा. पण आई बरोबर येणार आहे, वय ६८, गुडघे ओके-ओके. रोपवे होणार होता ना तिथे? कुठेतरी वाचलं होतं.

इसानवासी

नमस्कार, बरेच दिवस वाचतेय, आज लिहितेय. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे खोन केनला राहतो, लोई आमच्यासाठी शेजारच.

रोपवेची चर्चा ८० च्या दशकापासून चालूये. दर काही वर्षांनी एखादा मंत्री येतो, अभ्यास होतो, पायथ्याच्या गावात बोर्ड लागतात, मग गप्प. २०२४-२५ मध्ये परत जोरात वर आलाय विषय. आमच्या ओळखीतले पायथ्याचे लोक दोन्ही बाजूंनी आहेत. ज्यांची हॉटेलं त्यांना हवाय, कारण गर्दी फक्त थंडीत आणि सुट्टीत होते, चार महिने तर पार्कच बंद. लूक हापमध्ये पण एकमत नाही, तरुण म्हणतात आमचं काम जाईल, म्हातारे म्हणतात आमच्या पाठी गेल्यात आता पोरांच्या तरी वाचू देत.

जुना मेंबर

रायगडाला १९९६ ला रोपवे झाला तेव्हा हीच ओरड होती. आज माझ्यासारखे सत्तरीतले लोक महाराजांच्या समाधीपर्यंत जाऊन डोकं टेकवतात ते त्यामुळेच. निसर्ग काय फक्त तरण्यांची मक्तेदारी आहे का?

टेकडीवरची

काका आदर आहे पण रायगड आणि हे सेम नाही. रायगडावर लोक जातात ते इतिहासासाठी, दर्शनासाठी, आणि संध्याकाळी खाली येतात. इथे वर जाऊन परत नऊ नऊ किमी चालायचंय. रोपवे झाला की वर पोचलेल्या माणसाला गाडी पण लागणार, मग रस्ता, मग हॉटेल. ते थांबवायचं कुठे?

खडकवाट

मी काकांच्या बाजूने अर्धा आणि टेकडीवरचीच्या बाजूने अर्धा. मला वाटतं चढ हाच तिथला फिल्टर आहे. लॉंग वीकेंडला आधीच हजारोंनी लोक वर असतात, टॉयलेटची लाइन, पाण्याची बोंब. त्यात दर तासाला पाळणा भरून माणसं आली तर ते पठार टिकणार नाही. पण वयस्कर लोकांनी काहीच बघायचं नाही का, तर तसं पण नाही, लोईमध्येच इतर डोंगर आहेत जिथे गाडी जाते. @ठाण्याचा मी, आईंना फू क्रादुंग नको, फू रुआ दाखव.

इसानवासी

अगदी हेच लिहिणार होते. @ठाण्याचा मी दादा, आईंसाठी असा प्लॅन करा:

फू रुआ १३६५ मीटर, म्हणजे फू क्रादुंगपेक्षा उंच, पण गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, शेवटी पार्कची पिकअप, थोडंसं चालणं, वर बुद्धमूर्ती. डिसेंबर-जानेवारीत फार थंडी पडली तर गवतावर दवाचा बर्फ होतो, मे खानिंग म्हणतात, आणि त्याची बातमी आली की सगळं बँकॉक स्वेटर घालून इकडे धावतं. आपल्याला हिमालय माहितीये त्यामुळे हसू येतं पण त्यांचा आनंद बघण्यासारखा असतो.

नोंग हिनजवळ फू पा पो. इथून समोर फू हो नावाचा सपाट टोकाचा डोंगर दिसतो, त्याला लोईचा फुजी म्हणतात. वर न्यायला शेतात वापरतात ती फटफट करणारी ट्रॉलीगाडी असते, ई-तॅक, गावातलेच लोक चालवतात. आईंना कदाचित डोंगरापेक्षा तीच जास्त आवडेल. पाठीला उशी घ्या, मी गंमत करत नाहीये. पहाटे ढगांच्या वर फुजी दिसतो, दुपारी गेलात तर नुसता डोंगर. तिथेच जवळ सुआन हिन फा न्गाम, चुनखडीच्या सुळक्यांची बाग.

मग चियांग खान, दोन रात्री. मेकाँगच्या काठावर जुनी लाकडी घरं, बऱ्याच घरांची गेस्टहाउसं झालीत. संध्याकाळी चाय खोंग रस्त्यावर बाजार, तो आता थोडा जत्रेसारखा झालाय, टीशर्ट आणि कीचेन. पण सकाळ अजून छान आहे. सहाच्या सुमारास भिक्षू रांगेने येतात आणि लोक दारात बसून त्यांच्या पात्रात चिकट भात घालतात, फक्त भात, भाजी-कालवण नंतर देवळात नेऊन देतात. टूरिस्टांसाठी फुलं-बिस्किटांचे रेडिमेड ताट विकतात, ते घ्यायची गरज नाही. आणि प्लीज भिक्षूंच्या तोंडापुढे फोन धरू नका, बायकांनी त्यांना स्पर्श होणार नाही इतकं अंतर ठेवा.

कडेकपारी

मेकाँग निळी दिसते का हो तिथे? एका व्हिडिओत एकदम निळीशार होती, मला वाटलं फिल्टर.

इसानवासी

फिल्टर नव्हता, आणि ती चांगली गोष्ट पण नाही. मेकाँगचा रंग गढूळ तांबूसच हवा. वरच्या अंगाला लाओसमध्ये सायाबुरी धरण २०१९ ला पूर्ण चालू झालं, आणि त्याच वर्षी शेवटी इसानच्या काठाने पाणी निळं दिसायला लागलं. नदी उथळ, संथ, आणि गाळ धरणांमागे अडकलेला, म्हणून. लोक सेल्फी काढत होते आणि कोळी डोक्याला हात लावून बसलेले, कारण गाळाबरोबर माशांचं खाणं येतं, आणि पाणी कधी पण वरखाली होतं त्यामुळे काठावरच्या भाज्यांचे वाफे वाहून जातात. आता चियांग खानच्या थोडं वर सानाखाम धरणाचा प्रस्ताव आहे, त्याला इथल्या लोकांचा विरोध आहे. काठावर चहा पीत बसाल तेव्हा दुकानदाराला पाण्याबद्दल विचारा, भाषा येत नसली तरी ट्रान्सलेट ऍपवर तो अर्धा तास बोलेल.

कॅंग खुत खू म्हणून खडकाळ धावतं पात्र आहे तीनचार किमीवर, ते खडक फेब्रुवारी ते मे पाणी उतरल्यावरच दिसतात. इतर वेळी नुसती नदी. तिथे नारळाची पाकातली वडी मिळते, ती मात्र बारा महिने.

शुद्धशाका

सगळं ठीक, खायचं काय? आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही. फुकेतला निदान गुजराती थाळी मिळाली होती.

इसानवासी

ताई, खरं सांगते, कठीण आहे पण उपाशी राहणार नाही. लोईत गुजराती थाळी नाही, विसरा. "कीन जे" म्हणायचं, म्हणजे चिनी-बौद्ध पद्धतीचं शाकाहारी, त्यात अंडं, कांदा, लसूण पण नसतो, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांना पण चालतं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असलेली दुकानं शोधा, लोई शहरात आहेत, खेड्यात क्वचित. बाकीकडे "माय साय नाम प्ला" (माशाचं पाणी घालू नका) आणि "माय साय प्ला रा" पाठ करा. हे प्ला रा म्हणजे आंबवलेला मासा, इसानमध्ये पपईच्या कोशिंबिरीपासून सगळ्यात जातो, न सांगता जातो. आणि सांगूनही पळी तीच असते, तेवढं मनाला समजावता आलं पाहिजे.

चिकट भात, भाजलेला मका, रताळी, केळी, फळं, सोया दूध सगळीकडे. फू क्रादुंगला जाताना थेपले, चटणी, सातू, इन्स्टंट उपमा बरोबर ठेवा, वर गरम पाणी मिळतं.

शुद्धशाका

पळी तीच हे वाचून नवरा म्हणाला काश्मीरला जाऊ. बघते.

टेकडीवरची

मला दान सायच्या मुखवट्यांच्या उत्सवाबद्दल विचारायचंय, तो याच प्रांतात ना?

खडकवाट

हो, फी ता खोन. मी बघितला नाही कारण तो पावसाळ्यात, जून-जुलैत. तारीख गावातला देवऋषी ठरवतो म्हणे, त्यामुळे फार आधी कळत नाही, आणि तेव्हा फू क्रादुंग बंद. दोन्ही एका ट्रिपमध्ये होत नाही. मी गावातलं म्युझियम तेवढं बघितलं. मुखवट्याचा वरचा भाग म्हणजे चिकट भात वाफवायची बांबूची टोपली उलटी करून, आणि चेहरा नारळाच्या झावळीच्या बुडख्याचा. गोष्ट वेस्संतर राजपुत्राची (बुद्धाचा आधीचा जन्म), तो परत आला तेव्हा इतका जल्लोष झाला की भुतं पण मिरवणुकीत सामील झाली. आणि गंमत म्हणजे हाच विश्वंतर अजिंठ्याच्या १७ नंबर लेणीत भिंतभर रंगवलाय, आपण त्याच्यासमोरून गाइडच्या मागे धावत जातो.

इसानवासी

+१. आम्ही दोनदा बघितलाय. भुतांच्या हातात लाकडाच्या जननेंद्रियाच्या आकाराच्या वस्तू असतात आणि ते त्या खुशाल लोकांपुढे नाचवतात, पावसाचा-पिकाचा उत्सव आहे शेवटी. मुलं नेणार असाल तर उत्तरं तयार ठेवा.

दान सायमध्येच फ्रा दात सी सोंग राक हा स्तूप आहे, १५६० च्या सुमारास अयुथ्या (तेव्हाचं सयाम) आणि लान सांग (तेव्हाचं लाओस) या दोन राज्यांनी मैत्रीची खूण म्हणून बांधला. लाल कपडे घालून आत जाता येत नाही, लाल फूल, लाल पर्स काहीच नाही, कारण लाल म्हणजे रक्त. माझी एक मैत्रीण लाल कुर्ता घालून आली होती तर बाहेरच्या बाईंनी तिला पांढरी शाल दिली गुंडाळायला, काही न बोलता.

ठाण्याचा मी

कार भाड्याने घेऊ का? आणि व्हिसा?

खडकवाट

घेच. लोई एअरपोर्टवर मिळते, गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, रस्ते झकास. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढून ठेव, चेकपोस्टवर मागतात. डिसेंबर ते मार्च उसाचे ट्रक असतात, वरून उसाची मोळी बाहेर आलेली आणि मागचा दिवा त्यात झाकलेला, रात्री ड्रायव्हिंग टाळ. कार नको असेल तर फक्त फू क्रादुंगसाठी बँकॉकहून येणारी लोईची बस फा नोक खाओला सोडते, तिथून पार्कपर्यंत सोंगथाओ (मागे बाकं लावलेली शेअर पिकअप).

व्हिसाचे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत सारखे बदललेत, इथे मी काही लिहिलं आणि उद्या बदललं तर मलाच शिव्या, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाची साइट बघ. मात्र १ मे २०२५ पासून टीडीएसी हे ऑनलाइन अरायव्हल कार्ड आलंय, पोचायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

ठाण्याचा मी

धन्यवाद सगळ्यांना. ४ डिसेंबरला निघायचं बघतोय. आई म्हणते तिला ती ट्रॉलीगाडी आणि चियांग खान, आणि मी तिला दोन दिवस गेस्टहाउसमध्ये सोडून क्रादुंग करून यावं.

इसानवासी

आई हुशार आहेत. पण दादा तारीख बदला. ५ डिसेंबरला सुट्टी, १० ला सुट्टी, मधले दिवस रजा टाकून अख्खा थायलंड डोंगरावर असतो. ११ नंतर या आणि ख्रिसमसच्या आत निघा. चियांग खानची खोली आजच बुक करा, नदीकडची, वरच्या मजल्यावरची नको, लाकडी जिने फार उभे असतात.

जुना मेंबर

ती ट्रॉलीगाडी सत्तरीला झेपेल का? खरंच विचारतोय.

इसानवासी

झेपेल काका. उशी घ्या, आणि ड्रायव्हरला "चा चा" म्हणा, म्हणजे हळू.